बंद पडायच्या आधी काय चाललं होतं

कुंदा, तुझी शपथ मी मोडली.

हे आधीच सांगून टाकते, कारण आडून आडून बोलणारी माणसं तुला चालत नसत. गिऱ्हाईक म्हणालं, मशीन जरा नखरे करते, की तू म्हणायचीस, नखरे राहू द्या, काय होते ते सांगा. तर काय झालं ते सांगते. तुझ्या बेशुद्ध पडण्याबद्दल घरात कोणाला बोलणार नाही असं मी तुला तीनदा कबूल केलं होतं. तू गेल्यावर तेविसाव्या दिवशी मी ते आईंना आणि तुझ्या दादाला सांगितलं. मीनूसाठी सांगितलं. तुझ्यासाठी सांगायला हवं होतं तेव्हा मूग गिळून बसले, आणि आता आठ वर्षांच्या माझ्या पोरीवर आल्यावर मला वाचा फुटली. तू रागावली असशील तर रागव. मी ऐकून घेते.

आपलं दुकान आता मी उघडते. रायपुरात, पंडरीच्या कापडबाजारात, त्या अंधाऱ्या जिन्याने वर. नणंद-भावजयीचं दुकान म्हटल्यावर लोकांना पापड-लोणची वाटायची. कॉम्प्युटर दुरुस्तीची पाटी वाचून जिना चढलेला माणूस दारात उभा राहून आधी तुझ्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग आपल्या दोघींच्या मागे, आणि विचारायचा, भैया किधर हैं? तू स्क्रू काढता काढता म्हणायचीस, मैं ही हूँ, बोलिए. परवा एकाने मला तेच विचारलं. मी त्याला पाणी दिलं आणि बसा म्हटलं.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि मिळेल त्या इमारतीत कचेऱ्या घुसल्या. वसतिगृहात, गोदामात, जुन्या दवाखान्यात. प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर आला आणि महिन्याभरात बंद पडायला लागला. तू रेल्वेतल्या सिग्नलवाल्याची मुलगी, बाबांच्या मांडीवर बसून सोल्डरिंग शिकलेली. आणि मी आर्वीहून लग्न करून आलेली, टायपिंगची परीक्षा पास, स्वयंपाकघरात गंजत पडलेली. तूच मला तिथून बाहेर काढलंस. दादाला म्हणालीस, वहिनीले हिंदी टायपिंग येते, मले माणूस पाहिजे. त्या एका वाक्यावर माझी रोजची सहा तासांची सुटका झाली. हे विसरू नकोस, कारण पुढे त्याचाच हिशेब माझ्या अंगावर आला.

तुझे नियम मला पाठ आहेत. मशीन आधी उघडायची नाही. आधी माणसाला विचारायचं, बंद पडायच्या आधी काय चाललं होतं? एकाला नाही, तिघांना, वेगवेगळं. सगळे एकच सांगत. काहीच नव्हतं चाललं, अचानक बंद झाली आणि आपोआप सुरू झाली. तू मान हलवायचीस आणि माझ्याकडे वळून म्हणायचीस, "अचानक काही नसते, वहिनी. आपलं ध्यान नसते." मग दुसरा नियम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि थांबायचं. पुन्हा बंद पडली तर दोष तिथे नव्हता, पुढची गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन सुरू होईल, पण कशाने झाली ते कधी कळणार नाही, आणि हे तुला पापासारखं वाटायचं. थांबायच्या काळात मशीन टेबलावर चालू ठेवून तू तिच्यावर चिठ्ठी चिकटवायचीस: हात लावू नये, पाहणे चालू आहे. सरळ मेलेली मशीन सोपी, तू म्हणायचीस. मरून आपोआप उठते ती वाईट.

त्या जुन्या दवाखान्यातल्या कचेरीची आठवण काढली की आपलं भांडण ठरलेलं. पूर्वी तिथे बायकांचा वॉर्ड होता. भिंतीला अर्ध्यापर्यंत पांढऱ्या फरशा, वर छताला सलाईनच्या बाटल्या टांगायचे हूक तसेच. साहूजी नावाचे बाबू तिथे बसायचे आणि त्यांचा कॉम्प्युटर रोज दुपारी स्वतःहून मरून जिवंत व्हायचा. त्यांनी मॉनिटरवर लिंबू-मिरची बांधली होती आणि कुंकू लावलं होतं. आपल्याला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले की हा कोपरा चांगला नाही, इथली खाट कोणी घेत नसे म्हणतात.

आपण दोन दुपारी त्या कोपऱ्यात बसलो. पहिल्या दिवशी मशीन बंद पडली ती मी पाहिलीच नाही, डोळा लागला होता. दुसऱ्या दिवशी मी टक लावून होते. सव्वातीनच्या सुमाराला काहीही न होता पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत मला आपण दोघी दिसलो, तू आणि मी, आणि आपल्या दोघींच्या मध्ये, मागे, पांढऱ्या कपड्यातलं तिसरं कोणीतरी. मग पडद्यावर मेमरीचे आकडे आपोआप चढायला लागले. मी मागे वळले तर शिपाई पाण्याचे ग्लास घेऊन उभा. तू त्याला घाबरली नाहीस. तू त्याला विचारलंस की इथे यायच्या आधी तू काय केलंस. तो म्हणाला, कुछ नहीं मैडम, साहब का कूलर चालू किया.

रोज तेच होत होतं. शेजारच्या खोलीत जेवून आलेल्या साहेबांसाठी तो कूलर लावायचा, क्षणभर वीज ओढली जायची, आणि साहूजींच्या मशीनचा पॉवर सप्लाय तेवढाही धक्का सोसू शकत नव्हता. तू डबा उघडून मला दाखवलंस, आत कपॅसिटर टोपी फुगून बसलेला. तो बदलला आणि मशीन शहाणी झाली. परत येताना मी म्हटलं, काही म्हण, त्या खोलीत काहीतरी होतं. तू लुना चालवता चालवता इतकी हसलीस की आपण जयस्तंभ चौकात पडता पडता वाचलो. कूलर सापडला नसता तर मानलं असतंस का, असं मी विचारलं, तर म्हणालीस, आणखी शोधलं असतं. हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, जगात काही गोष्टी अचानक होतात. तू म्हणायचीस, नाही.

आणि मग त्याच उन्हाळ्यात उरल्याला, शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, तू पडलीस.

रोलिंग मिलच्या वजनकाट्यावरची मशीन होती. उरल्याची धूळ काळी, लोखंडाची. तू ब्रशने आतली धूळ कागदावर काढलीस, खाली चुंबक फिरवलंस, आणि ती धूळ केसांसारखी उभी राहून चालायला लागली. काट्यावरची माणसं बघत राहिली. तू त्यांना सांगत होतीस की हीच बोर्डावर बसून जोडू नये ते जोडते. तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला, अगदी डोक्यावर, आणि तू वाक्याच्या मधेच थांबलीस. आधी मला वाटलं भोंगा संपायची वाट बघते आहेस. डोळे उघडे होते. मग तू सरळ खाली गेलीस, हात न टेकता. मी हाका मारल्या, गालावर मारलं, तुझा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता आणि तू तिथे नव्हतीस. मी मोजलं नाही, पण वीसपर्यंत आकडे होतील एवढा वेळ गेला असेल. मग तू श्वास घेतलास आणि म्हणालीस, "लाइट आली काय?"

तो आवाज तुझा होता, पण फार लांबून आल्यासारखा. मला अजून तो दुपारी कधीकधी ऐकू येतो.

परतताना बीरगावला उसाच्या रसाच्या गाडीवर बसवून मी तुला दोन ग्लास पाजले. तू पूर्ण ठीक होतीस, उलट माझीच टर उडवत होतीस की वहिनी, तूच पांढरी पडली. मग एकदम गंभीर झालीस. "दादाले सांगायचं नाही. आईलेही नाही. पोट्टीले फिट येते म्हणतील, लगन तर जाऊ दे, मले घराबाहेर नाही सोडणार. माही शपथ आहे तुले." भंडाऱ्याचं स्थळ तेव्हा चालू होतं. त्या स्थळाची तुला काडीची पर्वा नव्हती, हे मला माहीत होतं. तुला लुनाची, स्क्रूड्रायव्हरची, उरल्याच्या काळ्या धुळीची पर्वा होती.

आणि मला माझ्या सहा तासांची. हे मी तेव्हा तुला बोलले नाही, स्वतःलाही नाही. तू घरी बसलीस तर दुकान बंद, आणि दुकान बंद तर मी पुन्हा आईंच्या डाळ-तांदळात. म्हणून मी शपथ घेतली. वर म्हटलंही, उन्हाने झालं असेल. मनात चोर असला की माणूस फार समजूतदार बोलतो.

मग आपण जे केलं ते आपल्याशिवाय दुसरं कोणी केलं नसतं. आपण तुला मशीनसारखं तपासलं. ऊन होतं, तर ऊन काढलं. दुपारी उरल्याला जाणं बंद, आणि थांबायचं. तीन महिने काही झालं नाही. मग एका गुरुवारी, दुकानात, तू एका बोर्डावर वाकली असताना कपॅसिटर फट्‌कन फुटला, धूर झाला आणि तू टेबलावर डोकं ठेवून गेलीस. परत आलीस तेव्हा पुन्हा तेच विचारलंस, लाइट आली काय. तुझा गुरुवारचा उपास होता. म्हणजे ऊन नव्हे, उपास. तर उपास काढला. आईंनी काहून सोडला विचारलं, तेव्हा पित्त होते म्हणून मीच सांगितलं. खोटं बोलायला मी बरी तयार झाले होते.

त्याच सुमारास, पोळ्याच्या आसपास, मीनूच्या शाळेतून चिठ्ठी आली होती. प्रार्थनेच्या रांगेत चक्कर आली, नाश्ता देऊन पाठवावे. मी ती वाचून फ्रिजवर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून तिला दूध-पोळी जबरदस्तीने खाऊ घालायला लागले. तूही ती चिठ्ठी वाचलीस. दोनदा वाचलीस, मला आठवतं. मग परत फ्रिजवर ठेवलीस.

तिसऱ्यांदा दिवाळीत. अंगणात रांगोळी काढत होतीस, गल्लीतल्या पोरांनी बाँब लावला, आणि तू रांगोळीवर आडवी. सगळे लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत आत होते, मी एकटी बाहेर. तुझ्या अर्ध्या चेहऱ्याला जांभळा रंग लागला होता आणि डोळे उघडे. त्या वेळी तू नेहमीपेक्षा उशिरा शुद्धीवर आलीस. तुझी पाळी चालू होती, तर आपण ठरवलं, अशक्तपणा. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. एकच गोष्ट बदलायची आणि थांबायचं. मी एकदा म्हटलं होतं, डॉक्टरकडे जाऊ, कोणाला कळणार नाही. तू म्हणालीस, अजून एकदा पाहू. आणि मला त्याने हलकं वाटलं, कुंदा. खरं सांगते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. साऱ्या शहराच्या मशिनींना आपण विचारत फिरलो, बंद पडायच्या आधी काय चाललं होतं, आणि तुझ्याबद्दल हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. मशीन बंद पडेपर्यंत वाट बघितली तर मशीनचं काही जात नाही. एवढं साधं मला उमगलं नाही.

तू गेलीस त्या दिवशी तुला सर्दी होती म्हणून घरी होतीस. दुकानात बीरगावच्या फोटोवाल्याची मशीन टेबलावर होती, तुझ्या चिठ्ठीसकट. सकाळपासून ती चार वेळा मेली आणि उठली. तुझी आज्ञा नसताना हात कसा लावू, म्हणून दुपारी तीनला मी घरी फोन केला. गिऱ्हाइकांसाठी फोन तू उशाशी ठेवायचीस. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. मला रागच आला. झोपली असेल महाराणी, म्हणाले मी, आणि पुन्हा लावला.

आई मागच्या अंगणात बिजौरीच्या वड्या वाळत घालत होत्या. त्यांनी चार वाजता तुला चहाला हाक मारली.

लोक म्हणाले, झोपेतच गेली, पुण्यवान. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, अचानक. मी तो शब्द ऐकला आणि तुझ्याकडे बघितलं. तू पांढऱ्या चादरीत होतीस आणि मला वाटलं आता उठशील आणि विचारशील. वीसपर्यंत आकडे झाले, शंभरपर्यंत झाले. तुला उचलेपर्यंत मी मोजत होते, हे कोणाला सांगितलं नाही.

तेरावं झालं आणि मी दुकान उघडायला गेले. त्या दिवशी मी जशी धावत निघाले होते तसंच सगळं होतं, शेजारच्या शेठजींनी शटर ओढून घेतलं होतं एवढंच. मी शटर वर केलं आणि आत उजेड होता. पंखा घुमत होता. फोटोवाल्याची मशीन चालू होती, पडदा निळा, तुझी खुर्ची जराशी वळलेली आणि तुझ्या अक्षरातली चिठ्ठी: हात लावू नये, पाहणे चालू आहे. वीज जाऊन आली की आपोआप सुरू व्हायचं तिला शिकवून ठेवलेलं असतं, ते मला माहीत आहे, तूच शिकवलंस. मधल्या दिवसांत वीज कितीदा गेली-आली असेल. सगळं माहीत असूनही माझा पाय उंबऱ्यावर अडला. मी म्हटलं, कुंदा?

आणि मशीन बंद पडली.

काळ्या काचेत मी एकटी होते. मग आकडे चढायला लागले आणि ती उठली. मी कितीतरी वेळ भिंतीला टेकून होते. मग आत आले, आणि काय करणार, तुझ्याशी बोलायला लागले. आईंनी अन्न टाकलं आहे ते सांगितलं. दादा तुझी लुना रोज पुसून ठेवतो ते सांगितलं. बोलता बोलता मशीन मेली. आणखी थोड्या वेळाने पुन्हा. मला वाटलं तू ऐकते आहेस, आणि एखादी गोष्ट तुला पटली नाही की बंद करतेस. मी मशीनला हात लावला नाही. आठवडाभर मी रोज जाऊन त्या मशीनसमोर बसले, आणि खरं सांगायचं तर तिने बरं होऊ नये असं मला वाटत होतं.

मग बाजार बंदचा वार आला. मला घरी बसवेना म्हणून त्या दिवशीही गेले. सकाळपासून तुझ्याशी बोलले, उरल्याचं बोलले, रडले, भांडले. मशीन ढिम्म. सबंध दिवस एकदाही मेली नाही. इतकं एकटं मला तू गेलीस त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता शेजारी टेम्पो लागला आणि शेठजींच्या माणसांनी कापडाचा पहिला गठ्ठा गोदामाच्या फरशीवर टाकला. धप्प. आणि पडदा काळा. मी खुर्चीत ताठ बसले. चार वर्षं ते गठ्ठे रोज पडत होते, माझ्या कानाला तो आवाजच राहिला नव्हता. दोन-तीन गठ्ठे तसेच गेले, मग एक जोरात पडला आणि पुन्हा काळा. मी चिठ्ठी काढली, मशीन बंद केली, उघडली. रॅमच्या खाचेची एका बाजूची पकड तुटलेली होती. फरशी हादरली की रॅमची पट्टी केसभर हलायची. तू नव्हतीस तिथे. तू म्हणाली असतीस तेच खरं, आपलं ध्यान नव्हतं.

मी तशीच बसले, हातात ती पट्टी घेऊन, आणि पहिल्यांदा तुझ्याबद्दल तो प्रश्न विचारला. पडायच्या आधी काय चाललं होतं? उरल्याला भोंगा. दुकानात कपॅसिटर फुटला. दिवाळीत बाँब. मी बोटं मिटत होते. चौथं बोट मिटताना मला कळलं की तो माझा फोन होता. उशाशी, झोपेत, दोनदा.

आणि मीनू प्रार्थनेच्या रांगेत पडली ती शाळेच्या घंटेखाली उभी असते. तिची रांग तिथेच असते, मी रोज सोडायला जाते, मला माहीत आहे.

त्या दुपारी मी घरी जाऊन सांगितलं. आई आणि दादा दोघे समोर होते. उरल्यापासून सांगितलं, शपथ सांगितली, फोनचं सांगितलं. माझे सहा तासही सांगितले. तुझा दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तीनदा झालं, अन् तू माह्यासमोर बसून रोज जेवून राहिली," आणि उठून बाहेर गेला. अजून माझ्याशी तो कामापुरतंच बोलतो. त्याचं बरोबर आहे.

आई तिथेच बसून होत्या. मला वाटलं आता काय बोलतील ते मला जन्मभर पुरेल. त्या म्हणाल्या, "घंटी मी ऐकली होती. म्हटलं, उचलन कुंदा. हात भरलेले होते माहे." मग त्यांनी तुझ्या आत्याचं सांगितलं. शांताआत्या, सोळाव्या वर्षी गेली, बाहेरचं लागलं म्हणून जिचं नाव घरात घेत नाहीत. वरात दारातून चालली होती, आपटबार फुटला, आणि ती हसता हसता खाली बसली ती उठली नाही. बाकीच्या पोरींची लग्नं व्हायची म्हणून त्यांच्या सासऱ्यांनी ही गोष्ट मिटवली आणि आईंना गप्प राहायला सांगितलं. म्हणजे या घरात गप्प बसणारी मी पहिली नव्हते. त्याने मला काही बरं वाटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही मीनूला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईसीजीच्या कागदाची लांब पट्टी काढली आणि एका जागी पेन ठेवून दादाला दाखवलं. ठोक्यामागची वीज आवरायला हिला जास्त वेळ लागतो, म्हणाले. घराण्यात चालतं. अशा माणसाला एकदम मोठा आवाज, गजर, घंटा घातक होऊ शकते. तुझ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, खात्रीने सांगता येणार नाही, तिचा कागदच नाही. तुझा कागद नाही, कुंदा. आख्ख्या राजधानीच्या मशिनी तपासल्यास आणि तुझा एक कागद नाही.

मीनूला गोळ्या चालू आहेत. दादाचा कागदही थोडा तसाच निघाला, त्यालाही चालू आहेत. आणि तुझा नियम मी मोडला. एका वेळी एक नाही, सगळं एकदम बदललं. फोन बैठकीत नेला आणि त्यावर गोधडी घातली. गजराचं घड्याळ माळ्यावर. शाळेत जाऊन तिची रांग बदलली आणि बाईंना सगळं लिहून दिलं, शिक्का मारून घेतला. कुकरसुद्धा ती शाळेत गेल्यावर लावते. यातल्या कशाने ती जगली ते मला कधी कळणार नाही, आणि मला कळायचं नाहीये. तू म्हणशील, असं कसं, वहिनी. असंच.

सकाळी तिला उठवायचं काम तुझं होतं. मी डबे करत असायचे. आता मी जाते. हाक मारत नाही. शेजारी बसते, पाठीवर तळवा ठेवते आणि हळूहळू गोल फिरवते, आणि ती हलेपर्यंतचा तो थोडा वेळ मला जाता जात नाही. काल तिने डोळे न उघडताच सांगितलं, "बुआ भी ऐसे ही उठाती थी. बोलती थी, आवाज से कभी नहीं उठना."

माझा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला. तुला कळलं होतं. तू शोधून काढलं होतंस, मला न सांगता, आणि माझ्या पोरीला रोज सकाळी त्यातून सांभाळून उठवत होतीस. आणि तरीही फोन स्वतःच्या उशाशीच ठेवत होतीस.

मी तिला विचारलं, कधीपासून?

ती कूस बदलून म्हणाली, "दिवाली से."